कोरेगाव नेमके कोणते?

आमच्या वस्तीतल्या रविवारच्या वाचनवर्गात सहावीतला एक मुलगा उभा राहिला आणि धडधडीत म्हणाला, "बाबासाहेब लहानपणी भीमा कोरेगावला चालले होते, तेव्हा त्यांना कुणी पाणी दिले नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. डोलावणारच, कारण हीच गोष्ट आम्ही स्वतः जयंतीच्या स्टेजवरून किती वेळा सांगितली होती. 'ज्या कोरेगावात आमच्या पूर्वजांनी पेशवाईला पाणी पाजले, त्याच कोरेगावच्या वाटेवर बाळ भीमरावाला पाणी मिळाले नाही.' वाक्य दमदार आहे, टाळ्या हमखास पडतात. फक्त ते खरे नाही.

आमचे डोळे उघडले ते अशाच एका भाषणानंतर. सातारा जिल्ह्यातले एक म्हातारे गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, कार्यक्रम संपल्यावर आमच्याजवळ आले. म्हणाले, "दादा, बोललात झकास. पण एक सांगा, बाबासाहेब मसूरला उतरले ना?" आम्ही म्हणालो, हो, मसूरलाच. "मग साताऱ्याहून मसूरला जाताना गाडी कोरेगावावरूनच जाते की! कोरेगावला जायचं माणूस कोरेगाव मागं टाकून मसूरला कशाला उतरंल?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी वाद घातला नाही, जय भीम घातला आणि निघून गेले. आम्ही मात्र त्या रात्री पुस्तक पुन्हा काढून बसलो.

महाराष्ट्रात कोरेगाव एक नाही. सातारा शहरापासून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर कोरेगाव आहे, तालुक्याचे ठिकाण, वाघ्या घेवड्यासाठी नावाजलेले, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचे. दुसरे पुणे-नगर रस्त्यावरचे, शिरूर तालुक्यातले, भीमा नदीकाठचे. तिसरे हवेली तालुक्यात उरुळी कांचनच्या बाजूला, त्याला कोरेगाव मूळ म्हणतात. आणि चौथे म्हणजे पुणे शहरातले कोरेगाव पार्क, बंगल्यांचे आणि ओशो आश्रमाचे. आमच्या ओळखीचा एक कार्यकर्ता नागपूरहून पहिल्यांदाच एक जानेवारीला निघाला आणि पुण्यात रिक्षावाल्याला नुसते "कोरेगाव" म्हणाला. त्याने त्याला कोरेगाव पार्कात नेऊन सोडले. हसण्याची गोष्ट आहे, पण इतिहासात हाच घोटाळा झाला की हसून चालत नाही.

जुन्या महसुली व्यवहारात एका नावाची दोन गावे आली की शेपूट लावण्याची पद्धत होती. कुठे बुद्रुक आणि खुर्द, कुठे नदीचे नाव, कुठे सरदार घराण्याचे आडनाव. एक तळेगाव ढमढेऱ्यांचे, दुसरे तळेगाव दाभाड्यांचे. ही दोन तळेगावे आमच्या विषयात महत्त्वाची आहेत. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज मराठ्यांनी जिथे कोंडली ते तळेगाव दाभाडे, वडगावजवळचे, पुण्याच्या पश्चिमेला. आणि १ जानेवारी १८१८ च्या सकाळी कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून ज्या तळेगावच्या माळावर पोहोचली आणि जिथून तिला पेशव्याची फौज दिसली, ते तळेगाव ढमढेरे, पुण्याच्या ईशान्येला. दोन्ही लढाया जानेवारीतल्या, दोन्हींत एका बाजूला कंपनी सरकार आणि दुसऱ्या बाजूला पेशवाई. नुसते 'तळेगाव' लिहिले की एकोणचाळीस वर्षांचे अंतर गिळले जाते आणि जिंकणारा हरणारा होतो. आष्टीचेही तेच. बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारीत पडले ती आष्टी सोलापूरकडची, पंढरपूरच्या बाजूची. १९४२ च्या आंदोलनातली आष्टी वर्धा जिल्ह्यातली. आणि आष्टी म्हटल्यावर पुष्कळांना आठवते ती बीड जिल्ह्यातली, जिचा या दोन्हींशी संबंध नाही.

गावाला सरदाराचे नाव लागले, पाटलाचे लागले, देवाचे लागले. ज्याने गावाची शीव राखली त्याचे नाव गावाला लागल्याचे आम्हाला तरी फारसे आढळलेले नाही. आणि गंमत अशी की दोन गावांच्या शिवेचा वाद पडला की साक्ष महाराचीच काढली जायची. कुठला दगड कुणाचा, कुठून कुठपर्यंत आपले शिवार, हे ज्याला पायाखाली ठाऊक तो महार. त्याच समाजाची आम्ही लेकरे कोरेगाव आणि गोरेगाव यांतला फरक विसरलो, ही गोष्ट आम्हाला जास्त लागली.

होय, गोरेगाव. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत पहिलाच प्रसंग हा आहे. साल साधारण १९०१. आई वारलेली. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होते आणि खजिनदाराची नोकरी मिळाल्याने एका गावी गेले होते. ते गाव खटाव तालुक्यातले, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे. 'खटाव तालुका' हे दोन शब्द तिथेच आहेत, आम्ही वाचताना ते ओलांडून पुढे जातो. सातारचे कोरेगाव खटाव तालुक्यात नाही, ते स्वतःच्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य गाव आहे. खटाव त्याच्या पूर्वेला लागून. आणि खटाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे, गोरेगाव वांगी म्हणून आजही ओळखतात.

आता प्रवास पाहा. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बोलावले. मुले हरखली. विलायती कापडाचे नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, असा सगळा थाट. स्टेशन घरापासून दहा मैलांवर होते, तिथपर्यंत टांगा केला. गाडीत बसून मसूरला उतरले. मसूर कराड तालुक्यात, सातारच्या बरेच दक्षिणेला. साताऱ्याकडून निघालेली गाडी कोरेगाव ओलांडते, रहिमतपूर ओलांडते, तारगाव ओलांडते आणि मग मसूर येते. जायचे कोरेगावला असते तर त्या म्हाताऱ्या रेल्वेवाल्याचा प्रश्न बिनतोड आहे. साताऱ्याहून कोरेगाव वीस किलोमीटर, टांगा थेट कोरेगावलाच नेता आला असता. मसूरला उतरायचे, संध्याकाळी बैलगाडी धरायची, रात्र टोलनाक्यावर काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास पोहोचायचे, हे अंतर खटावातल्या गोरेगावचे आहे.

मग 'ग' चा 'क' झाला कसा? आठवणी मूळ इंग्रजीत. रोमन लिपीत गोरेगाव आणि कोरेगाव यांत एका अक्षराचा फरक. काही प्रतींत एक छापले गेले, काहींत दुसरे. ज्याने छापले किंवा भाषांतर केले त्याला खटावचे गोरेगाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, कोरेगाव मात्र सगळ्यांना ठाऊक. अनोळखी नाव ओळखीच्या नावाकडे घसरते. पुढे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या पुस्तकात हा प्रसंग आला, त्यात 'कोरेगाव, जे आता महाराष्ट्रात आहे' एवढाच पत्ता. तालुका नाही, जिल्हा नाही. देशभरातल्या लाखो मुलांनी तो धडा वाचला. त्यातल्या एखाद्याने नंतर बातम्यांत कोरेगाव भीमा ऐकले, तर त्याने दोन्ही एकच समजले यात त्याचा काय दोष? आमच्या वर्गातल्या पोराचाही दोष नव्हता. दोष आमचा, की आम्ही त्याच्या चुकीवर भाषणाचा मुलामा चढवत राहिलो.

कुणी म्हणेल, गाव कुठले का असेना, पाणी नाकारले हे तर खरे ना? आम्हीही सुरुवातीला असेच म्हणून पाहिले. पण गोरेगाव जाग्यावर ठेवून तो प्रसंग वाचला तेव्हा तो आणखी कडू निघाला. रामजी तिथे कशाचे खजिनदार होते? दुष्काळी कामाचे. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मुंबई इलाख्याने भोगले होते. खटाव आणि माण हे सातारा जिल्ह्याचे पर्जन्यछायेतले तालुके, तिथे आजही टँकरची वाट पाहिली जाते. बाबासाहेब लिहितात की माणसे हजारोंनी मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. म्हणजे बाप ज्या कामाचे पैसे मोजत होता ते काम पाण्याचे होते. आणि त्या तळ्याकडे निघालेली त्याची पोरे रात्रभर तहानेने तळमळली.

मसूरला स्टेशन मास्तरांनी चौकशी केली, तुम्ही कोण? भीमरावांनी काही मनात न आणता सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा पालटला. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान सोबत पायी चालणार, म्हणजे विटाळ नको. पैसे दुप्पट चालतात, शेजारी बसणे चालत नाही. जेवणाचा डबा सोबत होता, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दाखवले ते गुरांच्या शेणामुताचे. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुसलमान असल्याची बतावणी करून भीमरावांनी उर्दूत पाणी मागितले. तिथेही नाकर्त्याचेच उत्तर मिळाले. डबा तसाच ठेवून मुले उपाशी झोपली. सकाळी निघून अकराच्या सुमाराला गोरेगावला पोहोचली तेव्हा वडील चकितच झाले. मुले येणार हे त्यांना कळलेच नव्हते, पत्र नोकराच्या हाती अडकून राहिले होते.

यातले एक तरी वाक्य कोरेगाव भीमाशी जोडता येते का? नाही. ते भीमाकाठचे नाही, पुणे जिल्ह्यातले नाही. ते खटावच्या माळावरचे आहे, दुष्काळाचे आहे. गाव बदलले की दुष्काळ गळतो, तलाव गळतो, आणि उरते नुसती 'लहानपणी पाणी मिळाले नाही' अशी ठिकाण नसलेली गोष्ट. ठिकाण नसलेल्या गोष्टीला कुणीही उठून दंतकथा म्हणू शकतो.

आता भीमाकाठच्या कोरेगावाकडे येऊ, कारण तिथेही नावाच्या दोन गमती आहेत आणि दोन्ही आमच्या माणसांना माहीत नसतात.

पहिली नावाचीच. सरकारी नाव कोरेगाव भीमा. पाठीमागचे 'भीमा' ही नदी, इतर कोरेगावांपासून वेगळे ओळखण्यासाठी लावलेली. आम्ही ते उलटे करून 'भीमा कोरेगाव' म्हणतो. बोलीत शब्द पुढेमागे होतातच, पण भीमा हे नाव पुढे आणण्यात आमचे मन आहे हे आम्ही कशाला नाकारावे? मात्र एक लक्षात ठेवावे. आमच्या नव्या पिढीतल्या काहींना खरेच वाटते की बाबासाहेबांवरून गावाला हे नाव पडले. भीमा नदी बाबासाहेबांच्या जन्माच्या कितीतरी आधी वाहत होती.

दुसरी गंमत जास्त महत्त्वाची. ज्या जयस्तंभाला आपण मानवंदना देतो, तो कोरेगाव भीमाच्या हद्दीत नाही. तो नदीच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूला, पेरणे गावच्या हद्दीत आहे. पेरणे हवेली तालुक्यात, कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात, मधून नदी. लढाई मुख्यतः पलीकडे कोरेगावात, त्या गावाच्या घरांत आणि गल्ल्यांत झाली. म्हणून लढाईचे नाव कोरेगाव आणि स्तंभाचा पत्ता पेरणे. शासनाचे कागद काढा, बंदोबस्ताचे आदेश काढा, 'पेरणे' हा शब्द सापडेल. आमच्यातले किती जण दरवर्षी जाऊन येतात आणि तरी विचारले तर 'कोरेगावचा स्तंभ' एवढेच सांगतात.

इंग्रजांनीही या नावाची कमी ओढाताण केली नाही. त्यांच्या लिखाणात ते कधी कोरीगाम, कधी कोरीगॉम. शेवटच्या 'गाव' चा 'गॉम' करायची त्यांची खोडच होती, बेळगावचे बेलगॉम तसे. हिंदी लष्कराच्या युद्धसन्मानांत आजही हे नाव इंग्रजी वळणाच्या जुन्या स्पेलिंगानेच सांगितले जाते, आणि गावाचे आजचे नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

सातारच्या कोरेगावाशी या लढाईचा संबंध नाही, पण साताऱ्याशी आहे. छत्रपती प्रतापसिंह त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीत होते. राजे म्हणून नव्हे, जवळजवळ ताब्यात ठेवलेले. ग्रँट डफने लिहून ठेवले आहे की दोघे लांबच्या उंचवट्यावरून लढाई पाहत होते. ऊन लागते म्हणून छत्रपतींनी अब्दागीर धरायला सांगितले, तर पेशव्याने ते नको म्हणून सांगितले, इंग्रजांना दिसले तर गोळा येईल म्हणून! छत्रपतींना सावली नाकारणारा पेशवा हा आमच्या भाषणातला नाही, इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथातला आहे. त्यानंतर पन्नास दिवसांच्या आत आष्टीच्या लढाईत छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. या मधल्या काळात सातारचा किल्लाही पडला होता.

आणि आकड्यांचेही बोलू, कारण नावासारखाच तोही घसरतो. 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवले' असे आम्ही म्हणत आलो. स्टाँटनच्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणीत साधारण पाचशे शिपाई होते, सोबत घोडेस्वार आणि दोन तोफांसह गोलंदाज, सगळे मिळून आठशेच्या आसपास. पलटणीत महार होते, मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. पेशव्याची फौज मोठी, पण गावात घुसून प्रत्यक्ष लढली ती अरब, गोसावी वगैरे पायदळाची काही शे-हजारांची तुकडी. स्तंभावर ४९ नावे कोरलेली, त्यांतली २२ महारांची म्हणून ओळखली जातात. ओळखायची खूण काय? नावाच्या शेवटी 'नाक'. गावाला जसे शेपूट, तसे माणसालाही. ज्या 'नाक' ने गावात हिणवले जायचे, तोच 'नाक' १८२१ साली पायाभरणी झालेल्या दगडात शहिदांच्या यादीत बसला. आम्हाला पाचशे कशाला हवेत? एकोणपन्नासात बावीस हा आकडा दगडात आहे, तो कुणी पुसू शकत नाही. पाचशेचा आकडा म्हटला की समोरचा हसून उठतो आणि बावीस नावेही त्या हशात वाहून जातात.

शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. त्या काळात त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना हा स्तंभ पुरावा म्हणून हाती लागला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे आले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, १९ आणि २० तारखेला, महाडची परिषद झाली आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. गोरेगावच्या वाटेवर नऊ-दहा वर्षांच्या पोराला न मिळालेले पाणी आणि सव्वीस वर्षांनी त्याने महाडात उचललेली ओंजळ, यांच्यामध्ये कोरेगाव येते. पण ते १९२७ चे कोरेगाव, १९०१ चे नाही. क्रम असा लावला तर आमच्या भाषणातले ते टाळ्यांचे वाक्यसुद्धा दुरुस्त होते, आणि आम्हाला वाटते, आधीपेक्षा वजनदार होते.

पुढच्या रविवारी आम्ही सातारा जिल्ह्याचा मोठा नकाशा वर्गात लावला. मुलांना सांगितले, सातारा शोधा, मग रेल्वेची रेघ धरून खाली या. कोरेगाव आले, रहिमतपूर आले, मसूर आले. मग म्हटले, आता मसूरवरून पूर्वेला खटाव तालुक्यात शिरा. त्या पोराने बोट फिरवत फिरवत गोरेगाव गाठले आणि विचारले, "एवढं लांब? रात्रीचं? आणि पाण्याशिवाय?" आम्ही हो म्हणालो. त्याने आपल्या पुस्तकात कोरेगाववर पेन्सिलीने काट मारली आणि वर लिहिले, गोरेगाव, ता. खटाव, जि. सातारा.

ज्यांच्याकडे या आठवणींच्या जुन्या मराठी आवृत्त्या असतील त्यांनी त्यांत कुठले नाव छापले आहे ते पाहावे आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून ठेवावे. आमच्या वाचनालयातल्या तीन प्रतींवर आम्ही ते केले आहे.

जय भीम.